लाइव्ह सोडलं की लायसन्स सुटतं

ब्रिटनमध्ये भाड्याचं घर घेतलं, किल्ली हातात आली, की थोड्याच दिवसांत दारातून एक पाकीट आत पडतं. त्यावर तुमचं नाव नसतं. ‘या पत्त्यावरील कायदेशीर रहिवासी’ असा मायना असतो आणि आत लिहिलेलं असतं की या पत्त्यावर टीव्ही लायसन्स नाही. भारतातून नव्याने आलेला माणूस ते वाचून गोंधळतो. टीव्ही बघायला लायसन्स? गाडीला असतं तसं? आणि आमच्याकडे तर टीव्हीच नाही, आम्ही लॅपटॉपवर मालिका बघतो, मग हे पत्र आम्हाला का?

आम्ही लंडनजवळच्या रेडिंगला राहायला आलो तेव्हा माझंही असंच झालं. पत्र वाचून घाबरून त्याच संध्याकाळी लायसन्स काढलं आणि पुढे काही वर्षं न चुकता भरलं. मग एका एप्रिलमध्ये दर वाढल्याचं कळलं आणि नवऱ्याने विचारलं, “आपण शेवटचं लाइव्ह काय बघितलं?” दोघांनाही आठवेना. तिथून आम्ही नियम नीट वाचायला बसलो. वाचल्यावर लायसन्स सोडलं, पुढे आई आल्यावर पुन्हा काढलं आणि परत सोडलं. या सगळ्यात जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण ओळखीतली निम्मी मंडळी गरज नसताना पैसे भरताना दिसतात आणि उरलेली गरज असून न भरता निर्धास्त बसलेली. दोघांनाही नियम माहीत नसतो.

नियमाचं मूळ समजायला एकच गोष्ट पक्की धरायची. लायसन्स टीव्ही नावाच्या वस्तूवर नाही, तुम्ही काय बघता त्यावर आहे. घरात पंचावन्न इंची टीव्ही भिंतीवर टांगलेला असेल आणि त्यावर मुलं फक्त प्लेस्टेशन खेळत असतील, तर लायसन्स लागत नाही. घरात टीव्ही नसेल, पण तुम्ही पलंगावर पडून मोबाइलवर एखादी वाहिनी चालू असताना बघत असाल, तर लागतं. २००३ च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टमध्ये हा गुन्हा लिहिला आहे आणि दुसऱ्या वर्षीच्या नियमावलीत टीव्ही म्हणजे काय ते सांगितलं आहे. कार्यक्रम लोकांना दिसतो आहे त्याच वेळी, किंवा जवळजवळ त्याच वेळी, ज्या यंत्रावर तुम्ही तो घेता ते यंत्र या कायद्यापुरतं टीव्ही. मग तो फोन असो, टॅबलेट असो की लॅपटॉप.

म्हणजे दोन गोष्टींना लायसन्स लागतं. पहिली, कोणत्याही वाहिनीवर कार्यक्रम चालू असताना तो बघणं किंवा रेकॉर्ड करणं. दुसरी, बीबीसीच्या आयप्लेयर या अ‍ॅपवर बीबीसीचं काहीही बघणं, मग ते आत्ता चालू असलेलं असो किंवा महिन्यापूर्वीचं. ही दुसरी अट नंतर आली. १ सप्टेंबर २०१६ च्या आधी आयप्लेयरवर जुने भाग बघायला लायसन्स लागत नसे. ती वाट त्या दिवशी बंद झाली, पण ‘आयप्लेयर चालतं की’ असं सांगणारी माणसं अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका.

या दोन्हीत न बसणारं सगळं मोकळं. नेटफ्लिक्स, प्राइम, डिस्ने प्लस यांवर साठवलेले सिनेमे आणि मालिका. आयटीव्हीएक्स (आयटीव्ही या वाहिनीचं अ‍ॅप) आणि चॅनल फोरच्या अ‍ॅपवरचे मागचे भाग. यूट्यूबवर आधी चढवून ठेवलेले व्हिडिओ. डीव्हीडी. बीबीसीच्या वेबसाइटवरच्या बातम्या वाचणं. आणि रेडिओ, ज्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण आमच्या घरात त्याने मोठी जागा भरून काढली.

हे असं का, हे जरा मागे गेलं की उलगडतं. १९२२ मध्ये इथे रेडिओ सुरू झाला तेव्हा ऐकणाऱ्याने पोस्टात १० शिलिंग भरून वर्षाचा परवाना घ्यायचा, अशी पद्धत पडली. बीबीसीला जाहिरातदाराच्या तालावर नाचावं लागू नये आणि सरकारच्या तिजोरीकडेही हात पसरावा लागू नये, म्हणून ऐकणाऱ्यानेच थेट पैसे द्यायचे, हा त्यामागचा विचार. युद्ध संपल्यावर जून १९४६ मध्ये टीव्हीचा परवाना आला, २ पौंडांचा. १९६८ मध्ये रंगीत टीव्हीचा वेगळा दर आला. १९७१ मध्ये रेडिओचा परवाना रद्द झाला आणि तेव्हापासून रेडिओ ऐकायला काहीच लागत नाही.

आपल्याकडच्या ज्येष्ठांना यातलं काहीच नवं वाटणार नाही. भारतातही १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओला आणि टीव्हीला लायसन्स लागत असे आणि ते पोस्टात भरावं लागे. माझ्या आईला मी इथल्या लायसन्सबद्दल सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, दादांचं रेडिओचं लायसन्स भरायला मीच जायची पोस्टात.” साताऱ्यातल्या त्या पोस्टाची रांग, पुस्तिकेवर पडणारा शिक्का, सगळं तिला आठवत होतं. आपण ती पद्धत ब्रिटिशांकडूनच घेतली होती. आपण सोडली, त्यांनी ठेवली.

आज या लायसन्सचा दर सरकार ठरवतं. १ एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षी तो १७४.५० पौंड होता, म्हणजे वीस हजार रुपयांच्या घरात. त्याआधी एक वर्ष १६९.५० होता आणि त्याच्याही आधी काही काळ १५९ वर थांबवून ठेवला होता. २०२७ पर्यंत महागाईच्या प्रमाणात तो दर एप्रिलला सरकतो, तेव्हा भरण्याआधी चालू दर बघून घ्या. नव्याने हप्ते बांधणाऱ्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षाचं लायसन्स बहुधा सहा महिन्यांच्या हप्त्यांत वसूल होतं आणि मग लगेच पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ जमायला लागतात. त्यामुळे सुरुवातीला महिन्याला नेहमीच्या हप्त्याच्या दुप्पट पैसे खात्यातून जाताना दिसतात. आमचे एक स्नेही ते बघून दुप्पट आकारणी झाली म्हणून भांडायला निघाले होते. ती चूक नसते, पद्धतच तशी आहे.

मराठी घरातली खरी गोची

इंग्रजी घराला सोपं असतं. मागचे भाग बघायचे, थेट काही बघायचं नाही, झालं. आपल्या घरांत लाइव्ह कुठून कुठून शिरतं हे बाहेरच्याला कळणार नाही. मलाही आई येईपर्यंत कळलं नव्हतं.

आम्ही लायसन्स सोडल्यावर काही महिन्यांनी आई सहा महिन्यांसाठी आली. पाहुण्यांच्या व्हिसावर एका वेळी तेवढंच राहता येतं. नवरा कामावर, मी कामावर, नात शाळेत. दिवसभर घरात एकटी आई. तिच्या टॅबलेटवर मी झी५ घालून दिलं. मालिकांचे भाग तिथे साठवलेले असतात, हवा तेव्हा लावायचा, त्याला लायसन्स लागत नाही. दोन आठवडे सगळं ठीक चाललं. मग एका दुपारी मी लवकर घरी आले, तर आई चहा पीत मराठी बातम्या बघत होती. यूट्यूबवर, एका वृत्तवाहिनीचं थेट प्रक्षेपण. कोपऱ्यात लाल रंगात ‘लाइव्ह’.

मी म्हटलं, “आई, हे नाही बघायचं.”

“का गं? फुकट आहे.”

“फुकट आहे, पण लायसन्स लागतं.”

“मुंबईच्या बातम्या बघायला लंडनचं लायसन्स?”

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि उत्तर ‘हो’ असंच आहे. वाहिनी कुठल्या देशाची, भाषा कोणती, पैसे बीबीसीला मिळणार मग मराठी वाहिनीचा काय संबंध, यातलं काहीही कायदा विचारत नाही. तुम्ही ब्रिटनमध्ये बसून कुठल्याही टीव्ही वाहिनीचं चालू प्रक्षेपण बघत असाल तर लायसन्स हवं. ती उपग्रहावरून येते की अ‍ॅपवरून, की यूट्यूबवरून, यानेही फरक पडत नाही.

त्या दिवसापासून मी घरातल्या एकेका सवयीकडे त्या नजरेने बघायला लागले. गणपतीत लालबागच्या राजाचं दर्शन वृत्तवाहिनीच्या लाइव्हवर: लागतं. अनंत चतुर्दशीची मिरवणूक वाहिनीवर चालू असताना: लागतं. तीच मिरवणूक रात्री, व्हिडिओ चढवल्यावर: लागत नाही. नाशिकच्या भाच्याची मुंज, मावशीने फोनवरून दाखवलेली: ती टीव्ही वाहिनी नाही, घरगुती व्हिडिओ आहे, लागत नाही. आयपीएलचा सामना अ‍ॅपवर चालू असताना: लागतं. त्याच सामन्याचे ठळक क्षण दुसऱ्या दिवशी: लागत नाही. मी स्वतःला एकच प्रश्न विचारायला शिकले: हे आत्ता, या क्षणी, कुठल्या वाहिनीवर चालू आहे का? हो असेल तर थांबायचं.

फसवतात ती अ‍ॅप्स. तुम्हाला वाटतं की अमुक अ‍ॅप ऑन-डिमांडचं (साठवलेलं हवं तेव्हा बघण्याचं) आहे म्हणजे त्यातलं सगळं चालतं. तसं नाही. आयटीव्हीएक्स उघडलं की चालू वाहिन्या समोरच दिसतात. झी५ सारख्या अ‍ॅपमध्ये मालिकांच्या शेजारीच थेट वाहिन्यांचा विभाग असतो. प्राइम आणि नेटफ्लिक्सवरही आता काही खेळ थेट दाखवतात. तासाभराने तोच कार्यक्रम दाखवणाऱ्या ‘प्लस वन’ वाहिन्या आहेत, त्याही वाहिन्याच, त्यांनाही लायसन्स लागतं. थेट कार्यक्रम थोडा थांबवून, मागे नेऊन बघितला म्हणून तो ऑन-डिमांड होत नाही. आम्ही सरळ टीव्हीची अँटेनाची वायर काढली, यादीतल्या वाहिन्या पुसल्या आणि आयप्लेयर काढून टाकलं. कायदा एवढं करायला सांगत नाही. पण घरात लहान मूल आणि आजी असताना बोट कुठे पडेल सांगता येत नाही, आणि समोर नसलेलं कुणी लावत नाही.

मित्राकडे जमून सामना बघणार असाल तर काळजी नको. त्याच्या घराचं लायसन्स त्याच्या टीव्हीला पुरतं, बघणारे वीसजण असले तरी. लायसन्स पत्त्याला असतं, माणसाला नाही. म्हणूनच घर बदललं की ते आपोआप तुमच्यामागे येत नाही, नवा पत्ता कळवावा लागतो.

विद्यार्थ्यांसाठी, जरा सविस्तर

दर सप्टेंबरला पुण्या-नागपूर-कोल्हापूरकडून मुलं येतात आणि हा प्रश्न त्यांना सगळ्यांत जास्त सतावतो, म्हणून इथे थांबते.

विद्यापीठाच्या वसतिगृहातली तुमची खोली हा स्वतंत्र पत्ता धरला जातो. खाली सामायिक दिवाणखान्यातल्या टीव्हीला विद्यापीठाचं लायसन्स असलं, तरी ते तुमच्या खोलीतल्या लॅपटॉपला लागू होत नाही. चार-पाच जणांनी मिळून घर घेतलं असेल तर करार बघा. सगळ्यांची नावं एकाच करारावर असतील तर साधारणपणे घराला एक लायसन्स पुरतं. प्रत्येकाचा आपापल्या खोलीचा वेगळा करार असेल, तर आपल्या खोलीत लाइव्ह बघणाऱ्या प्रत्येकाला आपलं वेगळं लागतं.

इथली मुलं तुम्हाला सांगतील, “फोन चार्जरला न लावता बघितलं तर चालतं.” ते अर्धं खरं आहे. नियम असा आहे की आई-वडिलांच्या घराला लायसन्स असेल, तर मुलगा बाहेरगावी शिकताना स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या, भिंतीतल्या विजेला न जोडलेल्या यंत्रावर बघू शकतो. पण ते आई-वडिलांचं घर ब्रिटनमधलं, लायसन्स असलेलं घर. तुमचे आई-बाबा कोल्हापुरात असतील तर ही सवलत तुमच्यासाठी नाही. इंग्लंडमध्ये वाढलेल्या मित्राला जे लागू ते तुम्हालाही लागू असं धरून चालू नका.

बहुतेक विद्यार्थ्यांना खरं तर लायसन्सची गरजच नसते. वेळ मिळेल तेव्हा साठवलेलं बघायचं, एवढंच आयुष्य असतं. अशा वेळी ‘गरज नाही’ असं कळवून टाका आणि सामने कॅम्पसमधल्या किंवा पबमधल्या मोठ्या पडद्यावर बघा.

सोडायचं कसं

बँकेत जाऊन हप्ता बंद केला म्हणजे झालं, असं नाही. नुसता हप्ता थांबवला तर ते थकबाकी समजून पत्रं पाठवत राहतात. आधी थेट बघणं आणि आयप्लेयर खरोखर बंद करा. मग टीव्ही लायसन्सिंगच्या वेबसाइटवर ‘लायसन्सची गरज नाही’ असा अर्ज भरा. (टीव्ही लायसन्सिंग हे वेगळं सरकारी खातं नाही. १९९१ पासून वसुलीची जबाबदारी बीबीसीकडे आहे आणि तिच्या वतीने कंपन्या हे काम बघतात.) अर्जात पत्ता आणि तुम्ही काय बघता याचे साधे प्रश्न असतात. पोच ईमेलने येते, ती जपून ठेवा. ही नोंद दोन वर्षं टिकते, मग ते पुन्हा विचारतात. तुमचं आधीचं लायसन्स संपायला पूर्ण एक महिना तरी बाकी असेल आणि तुम्हाला ते लागणार नसेल, तर न वापरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागता येतात. आम्हाला मिळाले.

असं कळवणं कायद्याने सक्तीचं नाही. न कळवताही लायसन्सशिवाय राहता येतं. मात्र मग पत्रं येत राहतात आणि त्यांची भाषा महिन्यागणिक कडक होत जाते. मला ती पत्रं बघून झोप लागत नाही, म्हणून मी कळवलं. तुमचं तुम्ही ठरवा.

काही लोकांना सोडण्याची नाही, सवलतीची गरज असते. दृष्टी फार अधू असल्याची नोंद असलेल्या व्यक्तीला निम्मा दर आहे. पंच्याहत्तरीपुढच्या सगळ्यांना पूर्वी मोफत असे, पण १ ऑगस्ट २०२० पासून फक्त पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारी सरकारी मदत) मिळणाऱ्यांनाच मोफत मिळतं. तुमच्या ओळखीत इथे वर्षानुवर्षं राहिलेलं कुणी एकटं आजी-आजोबा असेल, तर त्यांना पेन्शन क्रेडिटबद्दल जरूर विचारा. ते मिळू शकत असूनही न मागणारे पुष्कळ आहेत आणि त्याच्यामागे लायसन्सही येतं.

दारावर कुणी आलं तर

अर्ज केल्यावरही कधीकधी माणूस खात्री करायला येतो. तो पोलीस नाही. न्यायालयाचं वॉरंट असल्याशिवाय त्याला घरात येण्याचा हक्क नाही आणि त्याला आत घ्यायची सक्ती तुमच्यावर नाही. नम्रपणे नाही म्हणू शकता, किंवा लपवण्यासारखं काही नसेल तर दाखवू शकता. दोन्ही कायदेशीर आहे.

हे मी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, विशेषतः आईला. कारण इथे एक गोष्ट मला मनापासून खुपते. लायसन्स नसताना बघणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे. जास्तीत जास्त दंड १००० पौंड आणि वर न्यायालयाचा खर्च. या गुन्ह्यासाठी थेट तुरुंग नाही, पण न्यायालयाने ठोठावलेला दंड जाणूनबुजून भरला नाही तर तिथपर्यंत वेळ येऊ शकते. आणि दोषी ठरणाऱ्यांत वर्षानुवर्षं स्त्रियांचं प्रमाण दर चारांत जवळपास तीन असं राहिलं आहे. स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त टीव्ही चोरून बघतात म्हणून नव्हे. दिवसा घरी कोण असतं आणि दार कोण उघडतं, यावर ते ठरतं. जो दारात भेटला त्याचा जबाब घेतला जातो आणि खटला त्याच्या नावाने उभा राहतो. लहान मुलं सांभाळणारी एकटी बाई, हप्ता चुकलेली, भाषा कच्ची असलेली. दार तिनेच उघडलेलं असतं.

हे खटले बहुतेक वेळा उघड न्यायालयात चालतही नाहीत. एकच मॅजिस्ट्रेट कागद बघून निकाल देतो. नोटीस पोस्टाने येते आणि उत्तराला २१ दिवस असतात. उत्तर दिलं नाही तर तुमची बाजू न ऐकता निकाल लागतो. अलीकडे या खटल्यांची संख्या बरीच खाली आली आहे, पण पद्धत तीच आहे. म्हणून कळकळीने सांगते: साधी आठवणीची पत्रं आणि न्यायालयाची नोटीस यांतला फरक ओळखा. पहिली बाजूला ठेवलीत तर लगेच काही बिघडत नाही. दुसरी आली तर त्याच दिवशी उघडा, वाचा, समजत नसेल तर मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसकडे जा. व्हिसाच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जात गुन्ह्यांबद्दल विचारतात, हे आपल्यासारख्यांनी विसरून चालणार नाही.

उलट बाजूने पसरलेली एक भीतीही खोटी आहे. टीव्ही विकत घेतला की दुकानदार तुमचं नाव कळवतो, असं अजून लोक सांगतात. दुकानदारांवर तशी सक्ती होती, पण ती २०१३ मध्ये उठली. टीव्ही बिनधास्त घ्या.

पण सोडावं का?

नियम कळल्यावर हा प्रश्न उरतोच. मला तो सोपा वाटत नाही.

लायसन्समधून बीबीसीला २०२४-२५ मध्ये सुमारे ३.८ अब्ज पौंड मिळाले. त्यातून जाहिराती नसलेल्या वाहिन्या, लहान मुलांचे कार्यक्रम, रेडिओची सगळी केंद्रं आणि जगभरच्या भाषांतली वर्ल्ड सर्व्हिस चालते. २०१७ मध्ये बीबीसीची मराठी सेवा सुरू झाली. ती सरकारच्या वाढीव अनुदानातून आलेल्या भाषांमधली एक. पण ज्या वर्ल्ड सर्व्हिसच्या छताखाली ती उभी राहिली, त्या छताचा मोठा खर्च इथले लायसन्सधारक उचलतात. साताऱ्यात बसून माझी बहीण त्यांच्या बातम्या वाचते आणि त्यासाठी तिला एक पैसा लागत नाही.

म्हणून माझं मत असं: आयप्लेयर लागत असेल तर पैसे भरा, खुशीने भरा. गुपचूप ‘हो, माझ्याकडे लायसन्स आहे’ यावर बोट ठेवून बघू नका. आम्ही सोडलं तेव्हा सीबीबीज या बीबीसीच्या लहान मुलांच्या वाहिनीवरचे आमच्या मुलीचे कार्यक्रम गेले. जाहिरात न लागणारी, हळू बोलणारी, मुलांना मान देणारी अशी दुसरी जागा मला सापडलेली नाही. ते नुकसान खरं आहे. लायब्ररीतून डीव्हीडी आणून आणि गोष्टींची पुस्तकं वाचून आम्ही ते भरून काढायचा प्रयत्न केला, पूर्ण भरलं नाही.

जर्मनीतल्या माझ्या मैत्रिणीला असा प्रश्नच पडत नाही. तिथे २०१३ पासून प्रत्येक घरामागे ठरावीक रक्कम द्यावी लागते, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो, काही बघा वा बघू नका. फ्रान्सने २०२२ मध्ये टीव्हीवरचा असा आकार बंदच करून टाकला. ब्रिटन या दोघांच्या अधेमधे अडकलं आहे. बीबीसीची सध्याची सनद, म्हणजे ती ज्यावर चालते तो शाही परवाना, ३१ डिसेंबर २०२७ ला संपते आणि त्यानंतर पैसे कसे उभे करायचे यावर चर्चा चालू आहे. थेट प्रक्षेपण बघणारे कमी होत असताना थेट प्रक्षेपणावर बेतलेला नियम किती दिवस टिकेल, हा त्या चर्चेच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

आता रेडिओ. लायसन्स गेल्यावर क्रिकेटचं काय, ही आमच्या घरातली सगळ्यांत मोठी हुरहूर होती. मग बीबीसी साउंड्स हे बीबीसीचं रेडिओचं अ‍ॅप सापडलं. त्यावर टेस्ट मॅच स्पेशल हे समालोचन १९५७ पासून चालत आलेलं, आणि रेडिओ म्हणून पूर्ण मोकळं. ४ ऑगस्ट २०२५ च्या सकाळी ओव्हलवर इंग्लंडला थोड्याच धावा हव्या होत्या आणि सिराज गोलंदाजी करत होता. नवऱ्याने कामावर उशिरा येतो असं कळवलं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात, फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. शेवटची दांडी उडाली, भारत ६ धावांनी जिंकला आणि मालिका बरोबरीत सुटली. डोळ्यांनी काही दिसलं नव्हतं, तरी सगळं दिसलं होतं. मी आईला फोन लावला. ती बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेली. ती म्हणाली, “म्हणजे आम्ही ऐकायचो तसंच की.”

आई पुढच्या मे महिन्यात पुन्हा येते आहे. तिला दुपारच्या बातम्या हव्यात, गणपती लाइव्ह हवेत, आणि त्यासाठी दिवसभर तिच्या मागे ‘हे नको, ते नको’ करत राहणं मला जमणार नाही. मागच्या खेपेलाही शेवटी लायसन्स काढूनच तिला तिच्या बातम्या परत दिल्या होत्या. या वेळी मे महिन्याच्या पहिल्या तारखेलाच काढू, आयप्लेयर परत घालू, सहा महिने मुलीचे कार्यक्रमही बघू. ऑक्टोबरअखेर ती साताऱ्याला गेली की अँटेनाची वायर काढायची, ‘गरज नाही’ कळवायचं आणि उरलेल्या सहा महिन्यांचे पैसे परत मागायचे. तारखा मी कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आहेत.